टॉप सर्जरी (ट्रान्स पुरुषांची छाती सपाट करायची शस्त्रक्रिया) करून घरी आलोय, ड्रेनबद्दल विचारायचंय

नवा_श्वास: आज सहावा दिवस. परवा पुण्याहून गावी आलो. दोन्ही बाजूंना ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी ओढून घेणारी नळी आणि तिचा फुगा) आहेत, काल डावीकडे ४५ मिली आणि उजवीकडे २० आलं, एवढा फरक चालतो का? उताणं झोपून कंबर धरलीये. घरी भारतीय संडास आहे, उठताना हात टेकावाच लागतो आणि छातीत ओढ बसते. आई सगळं करते पण ड्रेनला हात लावताना थरथरते, मला तिचंच जास्त वाईट वाटतंय.

दक्खनी_वारा: अभिनंदन भावा! फरक माझ्यातही होता. रोज ठरल्या वेळी रिकामं करून मिली आणि रंग लिहून ठेव, लालचं गुलाबी आणि मग पिवळसर होत जातं. माझे ड्रेन २४ तासांत ३० मिलीच्या खाली आल्यावर काढले, तुझ्या सर्जनचा आकडा त्यांनाच विचार. संडासासाठी कमोडची खुर्ची आण, सर्जिकलच्या दुकानात भाड्याने पण मिळते, मी उगाच आठवडाभर हाल काढले. पाठीमागे लोड आणि दोन उशा लावून अर्धवट बसल्यासारखा झोप, गुडघ्यांखाली पण एक उशी घे. बादली उचलायची नाही, फळीवरचा डबा काढायला हात वर न्यायचा नाही, आणि पुढून बटणं असलेले शर्टच घाल.

वॉर्डातली_ताई: मी नर्स आहे. एका बाजूला अचानक फुगून कडक झालं, ड्रेनमध्ये एकदम ताजं लाल रक्त वाढलं, ताप किंवा पू आला तर सकाळची वाट बघू नकोस, लगेच सर्जनला फोन कर. दम लागला किंवा एकच पोटरी सुजून दुखायला लागली तर सरळ हॉस्पिटल गाठ, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनच घरातल्या घरात चालत राहा. ड्रेन रिकामा केल्यावर दाबून हवा काढायची आणि तसाच दाबून झाकण लावायचं, नाहीतर तो ओढतच नाही. निपल ग्राफ्ट (काढून पुन्हा लावलेली स्तनाग्रं) असतील तर वरची खपली काळी दिसेल, तेवढ्यावरून घाबरू नकोस पण ती काढूही नकोस.

लेकाची_आई: बाळा, मी पण अशीच थरथरायचे. माझ्या लेकाने मला फक्त वही दिली, ड्रेन त्याचा मित्र रिकामा करायचा आणि मी आकडा लिहायचे. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, आण इकडे.

नवा_श्वास: सगळ्यांचे खूप आभार. आईला वही दिली. आज डावीकडे ३२, तिने दोनदा बघून लिहिलं. खुर्ची दादा उद्या मिरजेहून आणतोय.