ट्रॉलीचा एलईडी टेललाइट सायकलला लावला, आता मागचे शिव्या देतात

चोकाकची_सायकल

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे. दुसरी पाळी साडेअकराला सुटते, मग सांगली रस्त्यानं हेर्ले ओलांडून चोकाकला घरी. मोटरसायकल आहे, पण ती पोरगा कॉलेजला नेतो. माझी जुनी २२ इंची सायकल, सळईचे ब्रेक, मागं भक्कम कॅरियर, त्यावर डब्याची पिशवी.

सध्या उसाचा हंगाम. रस्त्यावर जोडट्रॉल्या, त्यातल्या निम्म्यांच्या मागं दिवा नाही, म्हणून मागून येणारा ट्रॉलीला चुकवत अंगावर येतो. गेल्या महिन्यात एक बुलेटवाला माझ्या हँडलला घासून गेला. ऑनलाइन घेतलेला ब्लिंकर होता तेव्हा. तो परतीच्या पावसात आतून भिजला होता, बटण दाबलं तर काजव्यागत व्हायचा.

मेहुणा ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्याकडनं ट्रॉलीचा लाल एलईडी टेललाइट आणला, १२ व्होल्टचा, तळहाताएवढा. तीन वायरी आहेत: एक काळी, बाकीच्या दोन जोडून एकत्र केल्या, म्हटलं जितका उजेड जास्त तितकं चांगलं. मीटर लावला तर ०.३५ अँपिअर. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी पिशवीत, दिवा कॅरियरला ट्यूबच्या रबरानं बांधला.

लई भारी दिसतो. पण आता मागचे डीपर मारतात, हॉर्न वाजवतात, परवा एकजण गाडी आडवी लावून म्हणाला, "काका, डोळं फोडताय काय?" वर तिसऱ्याच दिवशी रबर ढिला पडला आणि दिवा आभाळाकडं तोंड करून बसला. बॅटरीचं ओझं वेगळंच. काय करू? दिवा बदलू का बसवायची पद्धत?

हिरवागार_कागल

सोप्पं आहे की. घरातली हातबॅटरी (टॉर्च) घ्या, पांढऱ्या उजेडाची, त्याला लाल जिलेटिन पेपर दोन पदरी लावा. गणपतीच्या आराशीतला उरलेला असतो घरात. काम झालं.

वायरमन_मिरज

जिलेटिनचं नाव काढू नका. पांढऱ्या एलईडीत मुळात निळा चिप आणि वर पिवळी पावडर असते, लाल त्यात थोडंच. कागद लावला की बहुतेक उजेड कागदातच मरतो, वर रंग पण फिका पडतो. लाल पाहिजे तर लालच एलईडी. चोकाकवाल्यांच्या हातात तो आहेच.

दादा, दिवा बदलू नका. तुमची चूक एकच, दोन वायरी एकत्र केल्यात. ट्रॉलीच्या दिव्यात एक वायर पार्किंगची, मंद, आणि दुसरी ब्रेकची, भगभगीत. तुम्ही रात्रभर ब्रेक दाबून फिरताय. मागच्याला वाटतं हा थांबतोय, तो पण ब्रेक मारतो, तुम्ही काय थांबत नाही. अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, त्यात हा झोत. मग तो वैतागणारच. आणि उद्या खरंच थांबलात तर सांगायला तुमच्याकडं दिवाच उरला नाही.

एकेक वायर वेगळी लावून करंट मोजा आणि इथं टाका. मग पुढचं बोलू.

चोकाकची_सायकल

मोजलं. लाल वायर ०.३१, पिवळी ०.०४. पिवळीवर लावला तर अगदीच मिणमिणता वाटतो हो.

वायरमन_मिरज

घरात ट्यूबच्या उजेडात, दोन हातांवरून बघितला असेल. सायकल रस्त्याकडंला डबल स्टँडवर लावा, अंधारात ५० पावलं मागं चाला आणि मोटरसायकलवर बसल्याएवढं वाकून बघा. मग सांगा मिणमिणता आहे का.

हिशेब बघा. ०.०४ गुणिले १२, साधारण अर्धा वॅट. आपल्या जुन्या बाटली डायनामोचा मागचा बल्ब ६ व्होल्ट ०.६ वॅटचा असायचा, पुढचा २.४. तो फिलामेंटचा, त्यातली बरीचशी वीज नुसती उष्णता. वरून लाल काच. तुमचा अर्ध्या वॅटचा एलईडी थेट लाल उजेड देतो, पुढं भिंग. त्या बल्बच्या कितीतरी पट होतो.

आता बॅटरी. ७ एएचची यूपीएस बॅटरी दोन किलोच्या वर भरते, कशाला वाहताय? १८६५० चे (गोल लिथियम) तीन सेल सिरीजमध्ये, टॅबला वेल्डिंग केलेले, सोबत ३एस बीएमएस, म्हणजे तीन सेलना जादा चार्ज-डिस्चार्ज होण्यापासून वाचवणारं सर्किट. असा तयार पॅक मिळतो. सेल होल्डर घेऊ नका, खड्ड्यात सेल उडून संपर्क तुटतो. आणि घरी सोल्डरिंग गनने सेल भाजत बसू नका. २००० एमएएचचा पॅक ०.०४ वर ५० तास चालेल. तुमचा रोजचा पाऊण तास, म्हणजे दोन महिने. भरलेला पॅक १२.६ व्होल्ट असतो, दिव्याला चालतो, कारण ट्रॅक्टरवर तो १४ च्या आसपास खातो. उतरत ९.५ वर आला की दिवा निम्म्यावर येतो. तेव्हा चार्ज करा. चार्जर १२.६ व्होल्टचाच. मेहुण्याच्या दुकानातला मोटरसायकलच्या बॅटरीचा चार्जर चुकूनसुद्धा लावू नका, तो १४ च्या वर जातो.

पॅकच्या प्लसला लागूनच १ अँपिअरचा काचेचा फ्यूज, मग मेन स्विच, मग पिवळी वायर. काळी थेट पॅकच्या मायनसला. सायकलची चौकट अर्थिंग म्हणून वापरू नका. डायनामोला तसंच असायचं, एकच वायर यायची आणि क्लॅम्पचा टोकदार स्क्रू रंग खरवडून लोखंडाला भिडायचा. गंज चढला की दिवा गेला. किती पोरं माझ्याकडं डायनामो खराब झाला म्हणून घेऊन आली असतील, नुसता स्क्रू घासून दिलाय.

लाल वायर टाकून देऊ नका. तुमचे ब्रेक सळईचे आहेत ना? मोटरसायकलच्या मागच्या ब्रेकला स्प्रिंगचा स्विच असतो, पायाचा ब्रेक दाबला की ओढला जाणारा. तो चौकटीला क्लिपनं कसा आणि स्प्रिंग मागच्या ब्रेकच्या सळईला अडकवा. मेन स्विचनंतर एक वायर या स्विचमधून लाल वायरला. झाला ब्रेक लाइट. केबलच्या ब्रेकवर ही कसरत अवघड जाते, सळईवर दहा मिनिटांचं काम.

रात्रीची_ब्रेव्हे

दादा, मी पुण्याची, ब्रेव्हे करते, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. ४०० किमीला २७ तासांची मुदत असते, म्हणजे एक अख्खी रात्र रस्त्यावर जातेच. ब्लिंकर परत आणू नका, एवढंच सांगते. लुकलुकणारा दिवा नजरेत लवकर भरतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज मागच्याला येत नाही. जर्मनीत सायकलला लुकलुकता टेललाइट चालतच नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या राइडलाही मागचा दिवा स्थिरच लागतो.

आणि मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर ठेवाच. सेल संपला, वायर तुटली, तरी तो मागून येणाऱ्या गाडीचाच उजेड परत पाठवतो. ट्रकला लावतात ती मधाच्या पोळ्यासारखी चमकणारी पट्टी कॅरियरच्या उभ्या सळ्यांवर गुंडाळा, अजून बरं.

चोकाकची_सायकल

ताई, रिफ्लेक्टर आहे, पण डब्याची पिशवी लोंबते ती त्याच्यावरच. आत्ता लक्षात आलं.

बसवायचं कुणी सांगितलं नाही अजून. मडगार्डला भोक पाडू का?

भंगार_आणि_वेल्डिंग

नको. मडगार्डचा पत्रा थरथरतो, एवढा जड दिवा लावला तर दोन महिन्यांत भोकापासून चिरतो. ३ एमएमची पट्टी घ्या, काटकोनात वाकवा, आडवा भाग कॅरियरच्या मागच्या टोकाखाली दोन बोल्टनं. उभ्या भागावर दिवा. पट्टी आणि कॅरियरमध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे, नट नायलॉकचे (हादऱ्यानं सैल न होणारे). दिवा ओळंब्यात उभा पाहिजे, वर नको, खाली नको. पिशवी दिव्याच्या वरच थांबेल अशी लहान करा. दिव्याला पाणी निघायचं भोक असतं ते खाली ठेवा, त्यात सिलिकॉन भरू नका. वरच्या कडेला आणि वायरीच्या तोंडाला भरा.

चोकाकची_सायकल

दोन आठवड्यांनी लिहितोय. पट्टी कारखान्यातल्या स्क्रॅपमध्ये मिळाली, सुपरवायझरला विचारून घेतली. पॅक मेहुण्यानं आणला, टूलबॅगेत बसला, डब्यापेक्षा हलका.

पहिल्या रात्री वायरमनसाहेब म्हणाले तसं हेर्ल्याच्या पुढं सायकल उभी करून मागं चालत गेलो. ५० पावलांवर नाही थांबलो, शंभरावर गेलो. पिवळ्या वायरीवरच अख्खा दिवा गोल लाल दिसत होता, आणि डोळ्यांना काही त्रास नाही. उलट माझ्याच चपलांचा आवाज ऐकून कुत्री मागं लागली, पळत सायकलीपाशी यावं लागलं.

ब्रेकच्या स्विचनं मात्र दोन दिवस छळलं. स्प्रिंग ताणून अडकवली होती, त्यामुळं ब्रेक सोडला तरी लाल दिवा पेटलेलाच. मला सायकलवर बसून दिसणार कसा? मागनं येणाऱ्या आमच्याच पाळीतल्या पोरानं सांगितलं. स्विचचा नट दोन आटे फिरवून खाली घेतला, आता सळई बोटभर हलली की पेटतो, सोडली की विझतो. डीपर बंद झाले. गाड्या आता लांबूनच बाजू घेतात. परवा जोडट्रॉलीच्या मागं ब्रेक मारला तर मागची छोटा हत्ती पण थांबली, हॉर्न न वाजवता.

एकच राहिलंय. कॅरियरच्या सळईखालून वायर येते तिथं थोडी घासली जाते.

वायरमन_मिरज

तिथंच तुटणार. आजच वायरीला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवा आणि दिव्यापाशी थोडी सैल सोडा.

चोकाकची_सायकल

व्हॉल्व्ह ट्यूबमधनं वायर जाईना, सलाइनची नळी घातली. बसली.