फुगवलेली द्राक्षं म्हणजे विष म्हणणाऱ्यांना

मणेराजुरीकर: काल इथं एका ताईंनी लिहिलं, "द्राक्षं औषधात बुडवून फुगवतात, लेकरांना हे विष देऊ नका." अहो बुडवतोच की, त्यात लपवायचं काय? मणी फुगवणारं जिबरेलिन बियांतनं येतं, सीडलेसमध्ये बी धरतं नि बारीक असतानाच जिरून जातं, मग तेच, म्हणजे जिबरेलिक ॲसिड (जीए), वरनं द्यावं लागतं. तेही ४० पीपीएम म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅम, आणि मणी ज्वारीएवढा असताना, त्यानंतर माल निघायला दोन-दोन महिने जातात.

कराडची सून: पोस्ट माझीच. विष नसेल, बरं. पण साल रबरासारखी आणि गोडी शून्य, त्याचं काय? माझ्या आजोळी सोनाका जातीची द्राक्षं पिवळी पडेस्तोवर वेलीवर ठेवायचे.

बेदाणावाला, कवठेमहांकाळ: ताई बरोबर बोलत्यात. जीएसोबत सीपीपीयू, म्हणजे मणी फुगवायचं दुसरं औषध, जास्त झालं की साल जाड, साखर उशिरा भरते, शेडवर माल वाळता वाळत नाही. डोस ठरवतो कोण, दुकानदार! २०१० विसरला का, सायकोसीलचे अवशेष निघाले नि युरोपनं माल अडवला?

मणेराजुरीकर: सायकोसील वेलीच्या काडीची वाढ थांबवायला मारतात, मणी फुगवायला नाही, उगाच सगळं एका पोत्यात भरू नका. सीपीपीयूचं म्हणाल तर काही जण जास्त ओततात, तेवढं मान्य. पण साईज मागतं कोण? व्यापारी बागेत येतो, १८ मिमी नसली की दर पाडतो, गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर त्यानं आजवर आणलेला नाही.

पलूसकर: व्यापाऱ्याचं नाव नका काढू. आमचा अख्खा प्लॉट खुडून नेला, चेक वटला नाही, फोन बंद. घरात लग्न ठरलेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि आम्ही त्याच्या भाड्याच्या खोलीला कुलूप बघून परत. रोख मोजल्याशिवाय पेटी हलवायचीच नाही असं गावोगाव ठरलं पाहिजे.

बेदाणावाला, कवठेमहांकाळ: ठरतं हो, आभाळ भरून आलं की पहिला तुमच्यासारखाच उधारीवर देतो. म्हणून मी बेदाणा करतो, सौद्यात, म्हणजे लिलावात, दर तरी उघड निघतो.

पलूसकर: माझ्यासारखा म्हणजे? तुमच्या सौद्यात बेदाण्याची उधळण होते ती कुणाच्या पदरची, आधी ते सांगा!

कराडची सून: मी गोडीचं विचारलं होतं.

मणेराजुरीकर: नुसत्या जीएवरच्या वेलींच्या चार ओळी आहेत माझ्याकडं, मणी बारीक पण गोड. गाड्यावर मोठ्या मण्याशेजारी ठेवल्या तर तुम्ही काय उचलाल, खरं सांगा.

कराडची सून: मोठा. कारण बारीक मण्याला गोड म्हणून विकणारा गाडीवाला आजवर भेटला नाही. तुमचा माल कराडला पाठवा, मग बोलू.