शुक्रावरचा दिवस वर्षापेक्षा मोठा, हे खरं काय?

खळ्यातला_मामा
मंडळी जरा मदत करा, भाचीसमोर इज्जतीचा प्रश्न आहे. सुट्टीला देवगडला घरी आलोय, काल तिन्हीसांजेला लाइट गेली, इन्व्हर्टरनेपण पाच मिनिटात मान टाकली म्हणून सगळे खळ्यात येऊन बसलो तर समुद्राच्या बाजूला माडांच्या वर ही एवढी ठळक चांदणी. भाची म्हणते मामा विमान. म्हटलं विमान नाय गो, शुक्र तो. झालं, पाचवीतली पोर ती, लगेच सुरू, शुक्रावर एक दिवस एका वर्षापेक्षा मोठा असतो असं आमच्या बाईंनी सांगितलंय, तो कसा काय? आता दिवस जोडून जोडूनच वर्ष होतं ना, मग दिवस मोठा कसा होईल? मी खोकून वेळ मारून नेली. वर भावजींनी पुडी सोडली की शनी पाण्यात टाकला तर तरंगतो. हे खरंय की सगळं फॉरवर्ड? सोपं करून सांगा, उद्या परत खळ्यात बसायचंय.

खडू_आणि_डस्टर
बाई बरोबर आहेत. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला आपले २४३ दिवस लागतात आणि सूर्याभोवती २२५. खळ्यात तुळस असेलच, भाचीला तुळशीला प्रदक्षिणा घालायला लावा आणि चालता चालता स्वतःभोवती गिरकी घ्यायला सांगा, पण इतकी सावकाश की तुळशीची फेरी पुरी झाली तरी गिरकी थोडी बाकीच राहिली पाहिजे. आणि गिरकी उलट्या दिशेने. हे उलटं महत्त्वाचं, कारण त्यामुळे शुक्रावर सूर्य पश्चिमेला उगवतो आणि एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साधारण ११७ दिवसच जातात. म्हणजे दिवस कशाला म्हणायचं त्यावर उत्तर बदलतं. सूर्योदय ते सूर्योदय मोजायचं असेल तर खरा मानकरी बुध, त्याचं वर्ष ८८ दिवसांचं आणि दिवस १७६ चा, एका दिवसात दोन वर्षं संपतात. बाईंना हे विचारायला सांगू नका मात्र, चाळीस पोरांच्या वर्गात असले प्रश्न नको वाटतात, अनुभवाचे बोल.

आणि ती चांदणी एवढी चमकते ती ढगांमुळे. गंधकाम्लाचे ढग आहेत ते, सूर्याचा बहुतेक प्रकाश परत फेकतात. खाली तापमान ४६० अंशांच्या वर, शिसं वितळेल एवढं, आणि हवेचा दाब आपल्या समुद्रात ९०० मीटर खोल गेल्यावर असतो तसा. सोव्हिएत रशियाचं व्हेनेरा-१३ यान मार्च १९८२ मध्ये तिथं उतरलं, १२७ मिनिटं टिकलं आणि तेवढं टिकलं याचंच कौतुक झालं.

घावनप्रेमी
शनीचं मी सांगतो. हिशोबाने खरंय, त्याची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी आहे, पाण्याची १ धरली तर शनीची ०.६९ च्या आसपास. पण टाकणार कशात? आणि शनी म्हणजे काय नारळ नव्हे, बाहेरून सगळा हायड्रोजन आणि हीलियम, धरायला पृष्ठभागच नाही, विहिरीत टाकल्यावर टुपकन वर येईल असलं चित्र डोक्यातून काढा. मला त्यापेक्षा कडी जबरदस्त वाटतात. मुख्य कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर फक्त. म्हणजे तव्याएवढं घावन त्याच प्रमाणात काढायचं तर ते केसाच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ होईल. आमची आई म्हणते तिचं घावन जाळीदार असतं. कडीपण तशीच, अखंड नाहीत, बर्फाचे तुकडे आहेत सगळे.

डोंबिवलीचा_चाकरमानी
शनी विषय निघालाच आहे तर, त्याला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, बारा राशींत वाटा, एकेका राशीला अडीच वर्षं, तीन राशींची साडेसात. साडेसाती आली ती इथून. पंचांगवाल्यांचा हिशोब पक्का आहे, पुढचं काय ते ज्याचं त्याने बघावं. माझी संपली तरी लोकल काय वेळेवर येत नाही 😄

हर्णैचा_तांडेल
मला वेगळंच विचारायचंय. आमच्या ग्रुपवर दर दोन वर्षांनी मेसेज येतो, ग्रह एका रांगेत येणार, समुद्राला मोठं उधाण येणार, होड्या वर घ्या. त्यात काय तथ्य? आमच्या अनुभवात अमावास्या पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे भरतीला जोरच नाही, ग्रहबिह कधी मोजले नाहीत.

खडू_आणि_डस्टर
तुमचाच अनुभव बरोबर. भरतीचा जोर अंतराच्या घनाने कमी होतो, अंतर दुप्पट तर जोर आठवा हिस्सा. त्यामुळे शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची ओढ चंद्राच्या दहा हजाराव्या भागाएवढीपण भरत नाही, गुरूची त्याहून कमी. सूर्याची मात्र चंद्राच्या निम्म्याच्या जवळपास, म्हणून अमावास्या पौर्णिमेला दोघं मिळून ओढतात.

पण भरती काय करू शकते ते बघायचं तर गुरूच्या आयो चंद्राकडे बघा. तो गुरूला साडेबेचाळीस तासात फेरी मारतो, आणि शेजारचे युरोपा, गॅनिमीड हे चंद्र त्याची कक्षा पुरती गोल होऊ देत नाहीत, त्यामुळे तो गुरूच्या कधी जवळ कधी लांब. पाणी नाहीच तिथं, दगडालाच भरती ओहोटी. जमीन शंभर मीटरपर्यंत वरखाली होते असा अंदाज आहे. तार वाकवून वाकवून गरम होते ना, तसा आतला दगड तापतो आणि ज्वालामुखी होऊन बाहेर येतो. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ यानाच्या फोटोत आयोच्या कडेला धुराचं कारंजं दिसलं तेव्हा हे कळलं.

हर्णैचा_तांडेल
दगडाला उधाण. हे आज जेटीवर सांगतो, मेसेजवाल्याला आधी.

खळ्यातला_मामा
मास्तरांचे आभार, तुळशीचा प्रयोग केला. भाची दोन फेऱ्यांत गरगरली आणि आजीचा ओरडा मला पडला. नंतर आबांची जुनी दुर्बीण विहिरीच्या कठड्यावर टेकवून गुरू बघितला, हात हलला की सगळं नाचतं पण कठड्यावर स्थिर झाली. बाजूला एका ओळीत तीन टिंबं. ती म्हणाली चार पाहिजेत, गॅलिलिओला १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र दिसले होते, आयो कुठाय? म्हटलं गुरूच्या मागे गेला असेल नाहीतर पुढे. आज साडेसातपासून जेवण सोडून कठड्यावर बसलीय, चौथा आला का बघायला.