प्रति: घरी बनवलेल्या बंपरला कोणता रंग?

घरी बनवलेल्या लोखंडी बंपरला पावडर कोटिंगच (भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग) करा असं वर दोघांनी सुचवलंय. दिसतं झकास, पण बंपरला खडी लागणारच. एकदा टवका उडाला की पाणी कोटिंगखाली शिरतं, वरून सगळं ठीक आणि आत गंज पसरत राहतो. शिवाय तेवढाच भाग घरी नीट दुरुस्त होत नाही.

मी दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर) आणि वर साधा इनॅमल घेईन, सॅटिन म्हणजे मंद चमकेचा काळा. (इपॉक्सी वर रंग न देता उघडा ठेवू नका, उन्हाने त्याची पांढरट भुकटी होते.) टवका उडाला तर गंज घासा, कडा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरत्या करा, प्रायमर, रंग, झालं. ग्लॉसमध्ये ठिगळ लांबून दिसतं, सॅटिनमध्ये शोधावं लागतं.

पण खरा खेळ रंगाआधीचा. कापलेल्या पट्टीच्या धारदार कडेवरून ओला रंग मागे सरकतो आणि थर पातळ राहतो. गंज तिथूनच सुरू होतो. कानस मारून कड गोल करा. हॉट रोल्ड (तापवून लाटलेल्या) पट्टीवरची निळसर-काळी खपली ग्राइंडरने पूर्ण काढा, नाहीतर ती रंगासकट सुटेल. चौकोनी पाइपाच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा आणि खाली पाणी निघायला भोक ठेवा.