रन बेट आणि मॅनहॅटनची अदलाबदल खरंच झाली होती का? मदत हवी आहे

कॉलेजच्या मुलांसाठी इंग्रज-डच भांडणांवर छोटं प्रेझेंटेशन करतेय, त्यात इंडोनेशियातल्या बांदा बेटांतल्या रनचा किस्सा घ्यायचाय, म्हणजे जायफळाच्या एवढ्याशा बेटाच्या बदल्यात इंग्रजांना मॅनहॅटन मिळालं तो. ऐकायला भारी आहे पण जरा जास्तच गोड वाटतोय. कारण न्यू ॲमस्टरडॅम (मॅनहॅटनवरचं डचांचं गाव, पुढचं न्यूयॉर्क) इंग्रजांनी १६६४ लाच घेतलं होतं आणि १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याच्याकडेच राहील असं तत्त्व होतं, दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम पण तसंच डचांकडे राहिलं. वर डचांनी १६७३ मध्ये न्यूयॉर्क परत जिंकलं आणि १६७४ च्या वेस्टमिन्स्टरच्या तहात सोडून दिलं, मग सौदा नक्की कधीचा म्हणायचा?

विकिपीडिया, यूट्यूब बघून झालंय, सगळे तेच एक वाक्य फिरवतात. बांदामधली १६२१ ची, डच गव्हर्नर-जनरल कूनने केलेली कत्तल माहितीये, ती नकोय. डच भाषा येत नाही आणि पैसे भरून जर्नल घेणं जमणार नाही. तर ब्रेडाच्या वाटाघाटींत रन आणि मॅनहॅटन समोरासमोर ठेवून खरंच बोलणं झालं होतं का, आणि ते इंग्रजीत फुकट कुठे वाचायला मिळेल?