कॉर्नफ्लेक्स घरोघरी पोहोचले ते चवीमुळे की जाहिरातीमुळे?

प्रश्न : बचत गट सदस्या, खानापूर तालुका

आमच्या गटात अकरा महिला आहेत. गेली चार वर्षे आम्ही जाडे पोहे, भाजणी आणि नाचणीचे सत्त्व तयार करून आठवडी बाजारात विकतो. आता दुधात घालून लगेच खाता येतील असे नाचणीचे कुरकुरीत पोहे पाकिटात भरून विकावेत, असा विचार पुढे आला आहे. आमच्या घरांत सकाळी उप्पीट, पोहे किंवा आंबील होते, तरीही गावातल्या लहानशा दुकानात मुले कॉर्नफ्लेक्सचे पाकीट नावाने मागतात. मका तर आपल्या जिल्ह्यातही भरपूर पिकतो. मग अमेरिकेतल्या केलॉग कंपनीने त्याच मक्याची एवढी मोठी बाजारपेठ कशी उभी केली, आणि त्यातले आमच्यासारख्यांना काय घेता येईल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव

ताई, या पदार्थाचा जन्म कारखान्यात नव्हे, तर आरोग्यधामात झाला. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग हे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाशी संबंधित आरोग्यधाम चालवीत असत आणि तेथील रुग्णांना शाकाहारी, पचायला हलके अन्न देण्यावर त्यांचा भर होता. त्यांचे धाकटे बंधू विल कीथ तेथील हिशेब आणि व्यवस्था पाहत. 1894 मध्ये शिजवलेला गहू काही काळ तसाच राहून गेला. तो लाटायला घेतला तेव्हा त्याची सलग पोळी न होता प्रत्येक दाण्याची वेगळी पापडी झाली आणि ती भाजल्यावर कुरकुरीत लागली. पुढे हीच रीत मक्याला लावण्यात आली. आपण भात भिजवतो, भाजतो आणि चेपतो, त्या पोह्यांशी या रीतीचे किती जवळचे नाते आहे, हे आपल्या गटातील महिलांना सांगावे लागणार नाही. दाण्यात ओलावा सारखा मुरू देणे, हेच दोन्हीकडचे मर्म आहे.

पापडी करण्याची कृती मात्र फार काळ गुप्त राहिली नाही. त्याच आरोग्यधामात उपचार घेतलेल्या सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी 1895 मध्ये स्वतःचा उद्योग सुरू केला आणि पाहता पाहता त्या गावात अशा खाद्यपदार्थांचे डझनावारी कारखाने निघाले. साखर घालावी की नाही आणि व्यापार किती वाढवावा, यावरून दोघा भावांत मतभेद वाढले. अखेर विल कीथ यांनी 1906 मध्ये स्वतंत्र कंपनी काढली. नावाच्या हक्कावरून भावांमध्ये पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात वाद चालला, ही या इतिहासातली दुःखद बाजू मला नेहमी अस्वस्थ करते.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर येथून पुढे आहे. सगळ्यांचा माल दिसायला सारखा असल्यामुळे विल कीथ यांनी खोक्यावर स्वतःची सही छापली आणि ही सही असेल तोच अस्सल माल, असे ग्राहकांना सांगितले. त्याच 1906 साली महिलांच्या एका मासिकात त्यांनी अशी जाहिरात दिली की, हा माल अजून बहुतेक दुकानांत मिळत नाही, म्हणून आपल्या दुकानदाराकडे त्याची मागणी करा. दुकानदाराची मनधरणी करण्याचे काम त्यांनी अशा रीतीने गिऱ्हाइकावरच सोपवले. 1909 पासून मुलांसाठी चित्रांची पुस्तिका देण्यास आरंभ झाला. महामंदीत इतर उत्पादक खर्च आखडता घेत असताना त्यांनी जाहिरातीवरचा खर्च उलट वाढवला. चवीने माणूस दुसऱ्यांदा पाकीट घेतो. पहिल्यांदा घेतो तो नाव ऐकून, असे माझे मत आहे.

उत्तर : किराणा व्यापारी, रविवार पेठ, बेळगाव

गुरुजींनी अमेरिकेचे सांगितले, त्याला भारतातील अनुभवाची जोड देतो. ही कंपनी 1994 मध्ये आपल्याकडे आली आणि तिने महाराष्ट्रात तळोजे येथे कारखाना उभारला. सुरुवातीला लोकांनी कुतूहलाने पाकिटे नेली, पण दुसरे पाकीट न्यायला फारसे कोणी आले नाही. एक कारण दुधाचे होते. आपल्याकडे दूध तापवूनच पितात, आणि गरम दुधात त्या पापड्या क्षणात लिबलिबीत होत. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपला रोजचा नाश्ता तेलकट आणि कमी पौष्टिक आहे, असा सूर त्या जाहिरातींतून उमटत होता. आईच्या हातच्या पोह्यांना नावे ठेवून तिलाच पाकीट कसे विकता येईल? किंमतही सर्वसामान्य घराला रोज परवडणारी नव्हती. पुढे मुलांसाठी चॉकोज आले, भारतीय चवीचे प्रकार निघाले, लहान आणि स्वस्त पाकिटे दुकानांत लटकू लागली, तेव्हा कुठे खप वाढत गेला. म्हणून ताई, आपल्या पाकिटावर आंबील किंवा उप्पीट यांच्याशी तुलना करू नका. घाईच्या सकाळी उपयोगी पडेल, एवढेच लिहा.

पुन्हा प्रश्न : बचत गट सदस्या, खानापूर तालुका

दोघांचेही मनापासून आभार. आमच्यातील काहींचे म्हणणे आहे की, नाचणीमुळे मुलांची बुद्धी तल्लख होते, असे पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापावे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : आहारशास्त्राची शिक्षिका, निपाणी

ताई, तसे मुळीच छापू नका. या कंपनीलाही त्याची किंमत मोजावी लागली आहे. तिच्या गव्हाच्या एका पदार्थामुळे मुलांची एकाग्रता सुमारे 20 टक्क्यांनी वाढते, या जाहिरातीतील दाव्यावर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आक्षेप घेतला आणि 2009 मध्ये कंपनीला तडजोड मान्य करावी लागली. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, हे खरे आहे आणि ते सांगायला पुरेसे आहे. आपल्या पदार्थाची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, जे आकडे येतील तेच छापा, आणि साखर घातली असेल तर तिचे प्रमाणही स्पष्ट लिहा.

उत्तर : निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव

एक गोष्ट सांगायची राहिली. माल कुरकुरीत राहावा म्हणून विल कीथ यांच्या कंपनीने खोक्याला मेणकागदाचे वेष्टन देण्यास सुरुवात केली होती. खानापूरच्या पावसाळ्यात तर भाजलेले चुरमुरेही तासाभरात सादळतात. तेव्हा नाव आणि चित्र ठरवण्याआधी पाच-सहा प्रकारच्या पाकिटांत माल भरून तो आषाढात महिनाभर घरात ठेवून पाहा. जे पाकीट फोडल्यावर पापडी दाताखाली वाजेल, तेच घ्या.