उच्च रक्तदाब टाळायचा असेल तर सुरुवात घरच्या मिठापासूनच करावी लागेल

गिरगावकर

रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यावर पथ्य विचारणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती सुरूच होऊ नये म्हणून तिशी-चाळिशीत काही करणारे थोडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला, आणि शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा अधिक होते. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आपल्या ओट्यावरच्या मिठाच्या बरणीत आहे, असे माझे ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात दिवसभराचे सगळे खाणे आले. चौघांच्या घरात महिन्याला एक किलोची पिशवी संपत असेल, तर माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर मीठ स्वयंपाकातच जाते. पाव, फरसाण आणि बिस्किटे यांतले मीठ अजून धरलेलेच नाही. ताटात वेगळे मीठ वाढणे थांबवावे, भात आणि कणीक बिनमिठाची करावी, लोणचे-पापड रोजच्या पानातून सणावारापुरते ठेवावेत. सोलकढीला आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरले तर त्यातले मीठ आपसूक पोटात जाते. त्याऐवजी आमसुले भिजवून घेता येतात. पापडखार आणि खाण्याचा सोडा खारट लागत नाहीत म्हणून कोणी मोजत नाही, पण सोडियम त्यांतही असते. काही आठवडे जेवण अळणी वाटते, मग जिभेला सवय होते.

लोकलप्रवासी

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो दोन्ही वेळा घरी जेवणाऱ्या माणसाचा आहे. विरार किंवा बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून जो माणूस रात्री नऊनंतर घरी पोहोचतो, त्याची झोप सहा तासांचीही होत नाही, चालायला मैदान मिळाले तरी वेळ मिळत नाही, आणि सकाळचे खाणे स्टेशनबाहेरच्या गाडीवर होते. एका वडापावात मीठ किती ठिकाणांहून येते ते पाहावे: बटाट्याच्या भाजीत, बेसनाच्या पिठात, पावात, सुक्या चटणीत आणि वर मीठ लावून तळलेल्या मिरचीत. यांतली एकही बरणी त्या माणसाच्या हातात नाही. अपुरी झोप आणि सततचा ताण रक्तदाबाला पोषकच असतात. ज्याच्या दिवसावर त्याची स्वतःची सत्ता नाही, त्याला जीवनशैली बदला असे सांगणे म्हणजे दोष त्याच्या माथी मारणे होय.

ब्रिटनने २००३ नंतर कारखान्यांत तयार होणाऱ्या पावासारख्या पदार्थांतील मीठ टप्प्याटप्प्याने उतरवायला लावले, आणि २०११ पर्यंत तेथील लोकांचे मिठाचे सेवन सुमारे १५ टक्क्यांनी घटले. हे काम घराघरांत उपदेश करून झालेले नाही; उत्पादकांवर उद्दिष्टे घातली गेली म्हणून झाले.

मुलुंडकर गृहिणी

घरच्या मिठापासून सुरुवात करायची म्हणजे ती कोणी करायची, हेही लिहावे. भाजी अळणी झाली की घरात बोलणी बाई खाते. आमच्याकडे सासूबाईंनीच ‘आजपासून सगळ्यांना असेच जेवण’ असे सांगितले, तेव्हा कुठे निभावले. लिंबू, कोकम, ओले खोबरे आणि जिऱ्याची फोडणी यांनी चव सावरते. मात्र मीठ कमी करण्याऐवजी सैंधव वापरले तर चालते, असे मला अनेकांनी सांगितले आहे.

गिरगावकर

ताई, सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रंग बदलला तरी रक्तदाबाला फरक पडत नाही, आणि आयोडीन मिसळलेले नसेल तर तेवढे आयोडीन मात्र हुकते. आपला पहिला मुद्दा अगदी खरा आहे: हा निर्णय सगळ्या घराचा असला तरच टिकतो.

लोकलप्रवासी, ब्रिटनचा दाखला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे बहुतांश मीठ तयार पदार्थांतून पोटात जाते. आपल्याकडे अजूनही मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातून जातो. सरकारने पावावर नियम करावेत, मी त्यांचे स्वागतच करीन. पण नियम येईपर्यंत आमटीत किती मीठ पडावे हे कोणत्या कार्यालयाला विचारायचे? आणि आहार म्हणजे केवळ मीठ नव्हे. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅश आहाराच्या प्रयोगात मिठाचे प्रमाण न बदलता फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूधदुभते वाढवले आणि एकूण स्निग्धांश कमी केला, तरी ज्यांचा रक्तदाब मुळात जास्त होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी उतरला. पालेभाजी, डाळ, केळे आणि ताक या वस्तू मुंबईत कोपऱ्यावर मिळतात.

चाळीतला नातू

माझ्या आजोबांनी खारा बांगडा आणि भात जन्मभर खाल्ला आणि ते नव्वदीपर्यंत जगले. रक्तदाब हा आनुवंशिक असतो, बाकी सारे निमित्त आहे.

निवृत्त परिचारिका, परळ

आनुवंशिकता असतेच, म्हणूनच आईवडिलांना रक्तदाब असलेल्यांनी अधिक लवकर सावध व्हायचे असते. एक आजोबा तरले, पण त्याच पिढीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली माणसेही होती, आणि त्यांपैकी अनेकांचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नव्हता. हा आजार बहुधा काहीही जाणवू देत नाही, म्हणून ‘मला काही त्रास नाही’ या उत्तरावर मी कधीच विश्वास ठेवला नाही. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाच्या हाताला लगेच पट्टा गुंडाळू नये. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, आधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी. तीस वर्षांच्या पुढे प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी असे मोजून घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. कमी सोडियमचे, पोटॅशियम मिसळलेले मीठ बाजारात मिळते. चीनमधील खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नये.

लोकलप्रवासी

माझा विरोध घरच्या मोजमापाला नाही. सगळा भार त्याच्यावर टाकण्याला आहे. पाकिटांवर सोडियमचा आकडा छापावा लागतो, पण तो मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते, हे गाडीच्या गर्दीत उभा असलेला माणूस करणार नाही. ठळक इशारा पुढच्या बाजूलाच हवा. तोवर मी आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहाकडे लेखी मागणी करणार आहे की टेबलावरच्या मीठदाण्या उचलाव्यात, पापड मागितल्यावरच द्यावा आणि जेवणात रोज एक कच्ची कोशिंबीर, वरून मीठ न घालता, ठेवावी. गिरगावकर, आपण इथे लिहिलेला पिशवीचा हिशेब मी त्या पत्रात वापरू का?